किराणा कुठे स्वस्त? देशोदेशींच्या भावांची तुलना कशी करायची

युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट दरवर्षी सदस्य देशांतल्या आणि काही शेजारी देशांतल्या खाद्यपदार्थांच्या भावपातळीची तुलना जाहीर करते. या यादीत स्वित्झर्लंड वर्षानुवर्षं वरच्या टोकाला असतो. तिथले भाव संघाच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त. रोमानिया खालच्या टोकाजवळ, सरासरीपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी. एवढंच वाचलं तर कुणीही म्हणेल, खाण्यापिण्याची चैन रोमानियातच. आता दुसरा आकडा पाहा. रोमानियातलं कुटुंब आपल्या एकूण खर्चातला जवळजवळ चौथा हिस्सा घरच्या खाण्यापिण्यावर घालतं. स्वित्झर्लंडमधलं कुटुंब साधारण दहावा. ज्या देशात भाव कमी, तिथेच किराण्याचं बिल घराला जास्त जड जातं.

दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या माणसांच्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिला आकडा कामाचा आहे तो सीमा ओलांडून खरेदीला जाणाऱ्याला, प्रवाशाला, एका देशात कमावून दुसऱ्या देशात खर्च करणाऱ्याला. दुसरा त्याच गावात राहून, तिथलाच पगार घेऊन, तिथल्याच दुकानात रांगेत उभं राहणाऱ्याला. देशोदेशींच्या किराण्याच्या तुलनेत होणारे बहुतेक घोटाळे या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की आधी विचारावं, हा भाव कुणासाठी?

विनिमय दराने केलेलं रूपांतर

सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे तिथला भाव घ्यायचा, आजच्या विनिमय दराने डॉलरमध्ये किंवा आपल्या चलनात बदलायचा आणि आपल्या भावाशी ताडून पाहायचा. प्रवाशाला एवढं पुरतं. पण विनिमय दर किराण्याकडे पाहून ठरत नाही. तो ठरतो आयात-निर्यात, व्याजदर, गुंतवणूकदारांची ये-जा, मध्यवर्ती बँकांचे निर्णय यांवर.

याचं लख्ख उदाहरण १५ जानेवारी २०१५चं. स्विस मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक अशी मर्यादा राखली होती. त्या दिवशी ती अचानक काढून टाकली आणि थोड्याच काळात युरो आणि फ्रँक जवळजवळ समान पातळीवर आले. दुकानात सहा फ्रँकला मिळणारी वस्तू आदल्या दिवशी पाच युरोची होती, ती आता सुमारे सहा युरोची झाली. दुकानदाराने भाव बदलला नव्हता, दूध महागलं नव्हतं, कुणाचा पगारही हलला नव्हता. तरी परदेशी चलनात मोजणाऱ्यासाठी सगळा स्विस किराणा एका झटक्यात महाग झाला. सीमेजवळच्या स्विस लोकांना मात्र उलटा अनुभव आला. त्यांच्या फ्रँकला आता पलीकडच्या जर्मन दुकानांत जास्त माल मिळू लागला, आणि कोन्स्टान्झसारख्या सीमेवरच्या शहरांत स्विस ग्राहकांची गर्दी वाढली. ही सीमापार खरेदी इतकी रुळली की स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५पासून करमुक्त खरेदीची मर्यादा माणशी ३०० फ्रँकवरून १५० फ्रँकवर आणली.

काही देशांत तर कोणता विनिमय दर घ्यायचा इथेच गाडी अडते. अर्जेंटिनात डिसेंबर २०२३च्या सुरुवातीला सरकारी दर एका डॉलरला सुमारे ३६६ पेसो होता आणि समांतर बाजारात तोच डॉलर हजार पेसोंच्या आसपास विकला जात होता. अकराशे पेसोंची वस्तू सरकारी दराने तीन डॉलरची, बाजारातल्या दराने जेमतेम एक डॉलर दहा सेंटची. त्याच महिन्यात सरकारने अधिकृत दर ८०० पेसोंवर नेला. म्हणजे अर्जेंटिनातला पाव स्वस्त होता की महाग, हे पावाइतकंच तुलना करणाऱ्याने निवडलेल्या दरावर अवलंबून होतं.

एक किलो, पण कशाचं?

समजा विनिमय दराचा प्रश्न सुटला. पुढचा प्रश्न दिसायला क्षुल्लक, पण भारी त्रासाचा: आपण एकाच वस्तूची तुलना करतोय का?

मोजमापापासून सुरुवात होते. अमेरिकेत दूध गॅलनने विकलं जातं, म्हणजे ३.७९ लिटर. ब्रिटनमध्ये अजूनही दुधाच्या बाटलीवर पाइंटचं माप असतं, आणि ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा. मांस कुठे किलोवर, कुठे ४५४ ग्रॅमच्या पौंडावर. हे गणित सोपं आहे, फक्त करायला विसरू नये. त्यातही मोठं पाकीट प्रतिकिलो स्वस्त पडतं, त्यामुळे एका देशातलं पाच किलोचं पोतं आणि दुसऱ्या देशातलं अर्ध्या किलोचं पाकीट यांचे दर किलोवर आणले तरी तुलना सरळ होत नाही. शिवाय पाकीट तेच ठेवून आतला माल कमी करण्याची चाल सगळीकडे रुळली आहे. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४पासून मोठ्या दुकानांना असा माल कमी झाला की तशी सूचना ग्राहकाला दिसेल अशी लावावी लागते. बहुतेक देशांत असा नियम नाही.

मोजमापापेक्षा दर्जाचा प्रश्न अवघड. तांदूळ म्हणजे कोणता? लांब दाण्याचा की आखूड, तुकडा किती, सुटा की पाकीटबंद, कुठल्या कंपनीचा? दुधात स्निग्धांश किती? अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची की मोकळ्या? यांतल्या प्रत्येक उत्तराने भाव बदलतो. आणि एकाच कंपनीचा एकसारखा दिसणारा डबा घेतला तरी खात्री नाही. पूर्व युरोपातल्या देशांची फार दिवस तक्रार होती की आमच्याकडे येणाऱ्या नामांकित मालात घटक वेगळे असतात. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने १९ देशांतून सुमारे १,४०० नमुने घेऊन तपासणी केली. २०१९मध्ये निकाल आला: ९ टक्के उत्पादनांत दर्शनी बाजू तंतोतंत तीच, पण आतले घटक वेगळे. आणखी २२ टक्क्यांत दर्शनी बाजू बरीचशी सारखी आणि घटक वेगळे. भाव टिपणाऱ्याने दोन्हीकडे एकच नाव लिहिलं असतं.

कर हा त्यातलाच एक खड्डा. डेन्मार्कमध्ये खाद्यपदार्थांनाही इतर वस्तूंसारखाच २५ टक्के मूल्यवर्धित कर लागत आला आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक खाद्यपदार्थांवर तो शून्य. जपानमध्ये सर्वसाधारण दर १० टक्के, खाद्यपदार्थांना ८. युरोपात फळीवरच्या भावात कर धरलेला असतो. अमेरिकेत लेबलवरचा भाव कर वगळून असतो आणि कर गल्ल्यावर चढतो. तिथल्या अनेक राज्यांत किराण्यावर विक्रीकर नाही, पण काहींत आहे. जर्मनीत पेयाच्या बाटलीवर २५ सेंटांपर्यंत अनामत घेतात, जी बाटली परत केल्यावर मिळते. ती भावात धरली तर पाणी उगाच महाग दिसतं. आणि सदस्य कार्ड दाखवणाऱ्याला एक भाव, न दाखवणाऱ्याला दुसरा, ही पद्धत तर ब्रिटनसह कितीतरी देशांत मुरली आहे.

टोपली कुणाची?

आता विषयाच्या गाभ्याकडे येऊ. इथे थोडा वेळ काढावा लागेल, पण हे एकदा कळलं की वर्तमानपत्रांतल्या निम्म्या तुलना वेगळ्याच दिसू लागतात.

एकट्या दुधावरून किराणा ठरत नाही. म्हणून पाच-पंचवीस वस्तूंची एक टोपली बांधतात आणि ती भरायला कुठे किती लागतात हे पाहतात. पण टोपलीत काय आणि किती ठेवायचं? दोन काल्पनिक देश घेऊ, अ आणि ब. चलन एकच समजू. अ देशात तांदूळ १ नाणं किलो, पाव ४ नाणी किलो. ब देशात तांदूळ ३ नाणी, पाव २ नाणी. लोक साहजिकच आपल्याकडे जे स्वस्त ते जास्त खातात. अ देशातलं कुटुंब महिन्याला १० किलो तांदूळ आणि २ किलो पाव खातं. ब देशातलं उलटं, २ किलो तांदूळ आणि १० किलो पाव.

अ देशातल्या कुटुंबाची टोपली अ देशात १८ नाण्यांना पडते. तीच टोपली ब देशात भरायला गेलं तर ३४ नाणी. निष्कर्ष: ब देश जवळजवळ ९० टक्के महाग. आता ब देशातल्या कुटुंबाची टोपली घ्या. ती ब देशात २६ नाण्यांना, पण अ देशात ४२ नाण्यांना. निष्कर्ष: अ देश ६० टक्क्यांहून जास्त महाग. भाव तेच, दुकानं तीच, गणितात चूक नाही, आणि उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. दोन्ही कुटुंबं मनापासून सांगतील की दुसऱ्याचा देश परवडत नाही. दोघंही खरंच बोलत असतील.

हा पेच अर्थशास्त्रज्ञांना दीडशे वर्षांपासून माहीत आहे. १८७१मध्ये एतिएन लास्पेयर्स यांनी एक टोपली धरून निर्देशांक काढण्याची पद्धत मांडली, १८७४मध्ये हेरमान पाशे यांनी दुसरी टोपली धरून. पुढे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांनी दोन्ही उत्तरांचा गुणोत्तर मध्य घ्यावा असा आग्रह धरला, म्हणजे दोन गुणोत्तरांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. आपल्या उदाहरणात ते केलं तर ब देश सुमारे ८ टक्के महाग निघतो. हे उत्तर दोन्ही कुटुंबांना समान न्याय देतं. पण ते दोघांपैकी कुणाच्याच ताटातलं नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. नोकरीसाठी देश बदलणाऱ्याने सुरुवातीला आपल्याच टोपलीचा हिशेब करावा. तिथे रुळल्यावर तो हळूहळू तिथलं स्वस्त ते खाऊ लागतो आणि त्याचा खर्च पहिल्या अंदाजापेक्षा उतरतो.

देशांची संख्या दोनावरून पावणेदोनशेवर गेली की हे काम किती अवघड होत असेल ते ओघाने आलंच. ते करणारा उपक्रम म्हणजे आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम. १९६८मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी तो सुरू केला. आयर्विंग क्रॅव्हिस, अ‍ॅलन हेस्टन आणि रॉबर्ट समर्स हे त्यामागचे अभ्यासक. १९७०च्या पहिल्या फेरीत दहा देश होते. आता त्याचं काम जागतिक बँकेकडून चालतं, आणि मे २०२४मध्ये जाहीर झालेल्या २०२१च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था होत्या. प्रत्येक वस्तूचं बारीक वर्णन ठरवून तोच माल ठिकठिकाणच्या दुकानांत शोधायचा, भाव टिपायचा, आणि त्यातून चलनाची खरी खरेदी करण्याची ताकद काढायची. तिला क्रयशक्ती समता म्हणतात. ही संज्ञा स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव्ह कासेल यांनी १९१८मध्ये रूढ केली. बोलताना सर्रास 'पीपीपी' म्हणतात.

एवढी काळजी घेऊनही चुका होऊ शकतात, आणि झाल्या तर त्या फार मोठ्या असतात. २००५च्या फेरीत चीन पहिल्यांदाच पूर्णपणे सहभागी झाला. तिथले भाव ११ शहरांतून घेतले गेले. निकाल आला तेव्हा चीनच्या अर्थव्यवस्थेचा क्रयशक्तीनुसार काढलेला आकार आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटला. कागदावर कोट्यवधी लोक एका रात्रीत आणखी गरीब ठरले. शहरी भाव जास्त असतात, खेड्यांतले नीट धरले गेले नाहीत, म्हणून देश होता त्यापेक्षा महाग दिसला, अशी टीका अनेक अभ्यासकांनी केली. मोठ्या संस्थेच्या हातून हे होऊ शकतं, तर एका शहरातल्या एका दुकानातल्या पावतीवरून अख्ख्या देशाबद्दल बोलणं किती धाडसाचं आहे. कॅनडाचंच पाहा. दक्षिणेतल्या शहरांतला किराणा आणि उत्तरेत नुनावुतमधल्या, विमानाने माल पोचणाऱ्या वस्त्यांतला किराणा यांच्यात इतका फरक आहे की सरकारला २०११पासून उत्तरेसाठी वेगळी अनुदान योजना चालवावी लागते.

लोकप्रिय याद्यांकडेही याच नजरेने पाहावं. 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने १९८६मध्ये बिग मॅक निर्देशांक सुरू केला. मॅकडोनाल्ड्सचा हा एकाच पाककृतीचा बर्गर कितीतरी देशांत मिळतो, म्हणून त्याच्या भावावरून चलन महाग आहे की स्वस्त याचा अंदाज बांधायचा. चलनांबद्दल बोलायला तो ठीक आहे. पण बर्गरच्या किमतीत दुकानाचं भाडं आणि तिथे राबणाऱ्यांचा पगार मोठा असतो, त्यामुळे घरच्या किराण्याबद्दल तो फारसं सांगत नाही. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या भत्त्यांसाठी ज्या महागड्या शहरांच्या याद्या निघतात, त्यांच्यातली टोपली त्या अधिकाऱ्याची असते, आयात केलेल्या ओळखीच्या वस्तूंची. स्थानिक माणूस त्या वस्तू कदाचित आयुष्यात घेत नसेल. २००९मध्ये सुरू झालेल्या नंबिओसारख्या संकेतस्थळावर लोक आपापल्या शहरांतले भाव भरतात. दूध, पाव, तांदूळ, अंडी, बटाटे अशी साधी टोपली, न्यूयॉर्कला १०० मानून. नेहमी चर्चेत असणाऱ्या मोठ्या शहरांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. जिथे भाव भरणारे थोडे आणि तेही इंटरनेटवर इंग्रजीत वावरणारे, तिथे आकडा त्यांच्या दुकानांचा असतो, शहरातल्या साध्या बाजाराचा नसतो.

जो भाव फळीवर दिसत नाही

इजिप्तमध्ये शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या पावाचा भाव १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ५ पियास्टर होता. शंभर पियास्टरचा एक पौंड. जून २०२४मध्ये तो पहिल्यांदा वाढवून २० पियास्टर केला, आणि तेव्हा सरकारने सांगितलं की एका पावाला खर्च सव्वा पौंड येतो. म्हणजे वाढीनंतरही लोक खर्चाच्या सहाव्या हिश्शाहून कमी देत होते. अनुदानाशिवायचा पाव त्याच गावात वेगळ्या, कितीतरी जास्त भावाने मिळतो. इजिप्तमधल्या पावाचा भाव कोणता लिहायचा? कोट्यवधी लोकांसाठी पहिला खरा, बाकीच्यांसाठी दुसरा. देशोदेशींची तुलना करणाऱ्या याद्यांत सहसा दुसराच येतो, कारण तोच मोकळ्या बाजारात दिसतो.

उलट दिशेचं उदाहरण संरक्षणाचं. नॉर्वे, स्वित्झर्लंड, जपान हे देश आपल्या शेतकऱ्यांना टिकवण्यासाठी काही शेतमालावर जबर आयात शुल्क लावतात. कॅनडात दूध, अंडी आणि कोंबडी यांच्या उत्पादनाला कोटा आहे आणि कोट्याबाहेरच्या आयातीवर शुल्क काही वस्तूंना २०० टक्क्यांच्या वर जातं. इजिप्तमध्ये खर्चाचा भाग करातून भरला जातो, इथे तो ग्राहक दुकानातच भरतो. मला वाटतं, किराण्याच्या तुलनेत ही गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी. दुकानात स्वस्त दिसणाऱ्या पावाचे पैसे कुणी तरी कुठे तरी देतच असतो.

वेळेचं भान तर हवंच. अमेरिकेत बर्ड फ्लूमुळे कोंबड्या मोठ्या संख्येने माराव्या लागल्या आणि मार्च २०२५मध्ये डझनभर अंड्यांची सरासरी किंमत ६.२३ डॉलरवर गेली. काही महिन्यांत ती पुष्कळ खाली आली. जपानमध्ये त्याच वर्षी तांदळाचे भाव आदल्या वर्षाच्या दुप्पट झाले आणि सरकारला आपत्काळासाठी राखलेला साठा बाजारात आणावा लागला. त्या वसंतात अंडी आणि तांदूळ घेऊन केलेली अमेरिका-जपान तुलना वर्षभरात शिळी झाली असती.

पगाराच्या मिनिटांत

श्रीमंत देशांत भाव मुळात जास्त का असतात? कारण आपण जे विकत घेतो त्यात शेतातला माल थोडाच असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या हिशेबाप्रमाणे ग्राहक अन्नावर एक डॉलर खर्चतो तेव्हा शेतकऱ्यापर्यंत साधारण पंधरा-सोळा सेंट पोचतात. उरलेल्यात प्रक्रिया, वाहतूक, वीज, भाडं आणि वाटेतल्या प्रत्येकाचा पगार. पगार जास्त तिथे हे सगळंच महाग. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४मध्ये वेगवेगळं लिहून हे कारण स्पष्ट केलं: कारखान्यात उत्पादकता वाढली की पगार वाढतात, मग केस कापणाऱ्याचा आणि दुकानात माल लावणाऱ्याचाही पगार वाढतो, जरी त्यांचं काम पूर्वीइतकंच असलं तरी.

पण याचीच दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. गरीब देशात स्वस्त असतात त्या माणसाच्या श्रमावर चालणाऱ्या सेवा. केस कापणं, शिवण, घरकाम. धान्य, तेल, साखर, खत आणि डिझेल यांच्या भावांना मात्र जागतिक बाजार ओढत असतो. त्यामुळे डॉलरमध्ये बदलल्यावर गरीब देशातलं अन्न स्वस्त दिसलं तरी त्याच देशातल्या इतर गोष्टींच्या मानाने ते महाग असतं. आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमाचे आकडे हेच दाखवतात. जिथे खिसा सगळ्यांत लहान, तिथे जगण्याला सगळ्यांत आवश्यक वस्तूच तुलनेने महाग, आणि 'तिकडे सगळं किती स्वस्त आहे' म्हणणाऱ्या प्रवाशाला ते दिसण्याची शक्यताच नसते.

तिथे राहणाऱ्याच्या नजरेने पाहायचं तर भाव पगाराशी भिडवावा लागतो. एका देशात दूध दोन डॉलर लिटर आणि तासाची मजुरी वीस डॉलर, तर लिटरभर दुधासाठी सहा मिनिटांचं काम. दुसऱ्या देशात दूध एक डॉलर आणि मजुरी तासाला दोन, तर तीस मिनिटं. भाव निम्मा, कष्ट पाचपट. यूबीएस ही स्विस बँक १९७१पासून काही काही वर्षांनी जगातल्या शहरांचे भाव आणि कमाई यांचा असाच अभ्यास काढत आली, किलोभर पावासाठी किंवा तांदळासाठी किती मिनिटं काम करावं लागतं हे मोजून. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिच्यात विनिमय दर लागतच नाही. पगार आणि भाव एकाच चलनात, भागाकार केला की झालं. एक काळजी घ्यावी: सरासरी पगाराऐवजी पगारांच्या क्रमात बरोबर मध्ये येणाऱ्या माणसाचा पगार किंवा किमान वेतन घ्यावं, आणि तेही कर कापून हातात येणारं. थोड्या धनिकांमुळे सरासरी फुगते.

दुसरा मार्ग म्हणजे खर्चातला वाटा. सॅक्सनी या जर्मन राज्याचे सांख्यिकीतज्ज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून मांडलं की कुटुंब जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. इतक्या वर्षांनीही हे टिकून आहे. आज अमेरिकेतलं सरासरी कुटुंब घरच्या अन्नावर खर्चाच्या सात टक्क्यांच्या आसपास घालतं, नायजेरियातलं निम्म्याहून जास्त. म्हणून भाव दहा टक्क्यांनी वाढले की अमेरिकेत कुरकुर होते आणि नायजेरियात एका वेळचं जेवण गळतं.

प्रत्यक्ष करून पाहायचं असेल तर फार काही लागत नाही. आपण खरोखर घेतो त्या पंधरा-वीस वस्तू, महिन्याच्या प्रमाणासह. प्रत्येकीचा दर किलोवर किंवा लिटरवर आणलेला, कर धरून. दोन्ही ठिकाणी एकाच महिन्यातला आणि एका दुकानाऐवजी दोन-तीन दुकानांतला, त्यात एक स्वस्त साखळी दुकान आणि एक साधा बाजार. बेरीज झाली की तिला हातात येणाऱ्या पगारातून घरभाडं वजा करून उरलेल्या रकमेने भागायचं. मग तीच बेरीज तिथल्या माणसाच्या टोपलीनेही करून पाहायची. दोन उत्तरांतलं अंतर मोठं असेल तर समजावं की आपल्या सवयीच महाग पडणार आहेत.

'मूलभूत किराणा' म्हणजे तरी काय, हाही प्रश्न उरतोच. यावर अलीकडच्या काळात सगळ्यांत चांगलं उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने वापरायला घेतलेल्या पद्धतीत सापडतं. ती 'तोच तांदूळ सगळीकडे' शोधत बसत नाही. ती विचारते, या देशात माणसाला आरोग्याला पुरेसं खायचं झालं तर कमीत कमी किती खर्च येईल? त्यासाठी दिवसाला २,३३० किलोकॅलरींची टोपली ठरवली आहे, सहा अन्नगटांची: धान्य आणि कंद, भाज्या, फळं, डाळी-शेंगदाण्यासारख्या बिया, प्राणिजन्य पदार्थ, तेल-तूप. प्रत्येक गटात त्या देशात जे सगळ्यांत स्वस्त मिळतं तेच घ्यायचं. एकीकडे मका, दुसरीकडे बटाटा, तरी गट एकच. वस्तू वेगळ्या, काम तेच, त्यामुळे दर्जाचा आणि सवयींचा बराचसा गुंता सुटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२२मध्ये अशा आहाराचा खर्च जागतिक सरासरीने माणशी रोज ३.९६ पीपीपी डॉलर होता. एक पीपीपी डॉलर म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल मिळतो, तेवढा घ्यायला त्या त्या देशात लागणारे पैसे. तो न परवडणारे लोक सुमारे २८० कोटी, जगाच्या एक तृतीयांशाहून जास्त. उच्च उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ६.३ टक्के, कमी उत्पन्नाच्या देशांत ७१.५ टक्के.

या टोपलीत निम्म्या कॅलरी, ११६०, धान्य आणि कंदांतून येतात. भाज्यांतून फक्त ११०. खर्चाचा क्रम मात्र उलटा आहे. भाज्या, फळं आणि प्राणिजन्य पदार्थ मिळून निम्म्याहून जास्त पैसे खातात, धान्याला त्या मानाने थोडेच लागतात. त्यामुळे ज्या तुलनेत फक्त तांदूळ, पीठ आणि पाव घेतले असतील, तिच्यात एखादा देश स्वस्त निघू शकतो आणि त्याच देशातलं मूल दूध, अंडं आणि भाजी न मिळाल्याने खुरटलेलं असू शकतं.